पाटी खालून वाचायची

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. यवतमाळ जिल्ह्यातले कितीतरी रपटे, शाळाखोल्या आणि विश्रामगृहं त्यांच्या डोळ्यांखालून गेलेली. कुठल्याही गावात शिरलं की ते आधी कोनशिला शोधायचे, आणि ती खालून वाचायचे. 'नामदार अमुक यांच्या शुभहस्ते' हे वरचं सगळं सोडून द्यायचं. शेवटची ओळ बघायची. पाटी बसवली कधी, आणि पैसा कोणत्या निधीतला. "काम झालं कधी अन् पाटी लागली कधी, या दोन तारखा शेजारी ठेवायच्या," ते सांगायचे, "मधली जी वर्षं राहतात ना, त्यात गावाचं सारं राजकारण असते."

ही खोड मला लागली. मेम्फिसला राहायला आल्यावर तर तिला ऊतच आला, कारण अमेरिकेचा दक्षिण भाग पाट्यांनी भरलेला आहे. मिसिसिपी राज्याच्या सरकारी पाट्या हिरव्या, ओतीव धातूच्या, वर मॅग्नोलियाचं पांढरं फूल. १९४९ पासून त्या लागताहेत. ब्लूज संगीताच्या पाट्या निळ्या. कुणी लढाई हरलं तिथं पाटी, कुणी गिटार वाजवली तिथं पाटी. (बाबांचा हुद्दा मात्र इकडे सांगायची सोय नाही. आमच्या गावात 'ओव्हरसियर साहेब' म्हटलं की लोक खुर्ची पुढे करायचे. इथल्या कापसाच्या मळ्यांवर ओव्हरसियर म्हणजे गुलामांवर नजर ठेवणारा, चाबूकवाला मुकादम. एका शेजारणीला मी अभिमानानं सांगायला गेले आणि तिचा चेहरा बघून गप्प बसले.)

२०२३ च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी १९५५ मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांनी ठार मारलेला कृष्णवर्णीय मुलगा एमेट टिल आणि त्याची आई मेमी टिल-मोब्ली यांच्या नावानं राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. स्मारकाच्या तीन जागांपैकी एक शिकागोतलं चर्च. उरलेल्या दोन मिसिसिपीतल्या टॅलाहाची काउंटीत, माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर. ऑक्टोबरात सुट्टी काढली आणि निघाले.

मेम्फिसहून ६१ नंबरच्या हायवेनं दक्षिणेला लागलं की जमीन तव्यासारखी सपाट होते. हा मिसिसिपी डेल्टा. आम्हा वऱ्हाडाकडच्या माणसाला इथं एकदम ओळखीचं वाटतं, कारण दोन्ही बाजूंना पऱ्हाटी. फक्त वेचणाऱ्या बाया कुठं दिसत नाहीत. घराएवढं यंत्र शेतातून फिरतं आणि मागच्या बाजूनं गुलाबी नाहीतर पिवळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेला कापसाचा भलामोठा गोल गठ्ठा टाकतं. पण रस्त्याच्या कडेला, गवताच्या काड्यांना अडकलेला पांढरा कापूस अगदी आपल्याकडच्यासारखा. लहानपणी जिनिंगच्या रस्त्यावर तो गोळा करून आम्ही वाती वळायचो.

हे साम्य नुसतं डोळ्यांचं नाही. १८६१ ते १८६५ इकडे यादवी युद्ध चाललं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या. तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडावर गेली. भाव चढले, ज्वारीच्या जमिनीत कपाशी आली, कापसासाठी रेल्वेची घाई झाली. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला आणि भाव कोसळले. खामगाव-अमरावतीच्या बाजाराचा इतिहास सांगताना या डेल्टाचं नाव घ्यावंच लागतं. आमच्या गावात ते कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही, आणि इथं वऱ्हाड कुणाला माहीत असण्याचं कारणच नाही.

काउंटीत पहिलं गाव लागतं ट्युटवायलर. डब्ल्यू. सी. हँडी हा संगीतकार १९०३ च्या सुमारास इथल्या स्टेशनावर गाडीची वाट बघत झोपला होता. शेजारी येऊन बसलेला एक फाटका माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासून काहीतरी विलक्षण वाजवत होता, त्यानं हँडीला जाग आली. ब्लूजच्या जन्माच्या कथांमधली ही लाडकी कथा. स्टेशन आता नाही. पाटी आहे, भिंतींवर चित्रं आहेत. त्या वाजवणाऱ्याचं नाव हँडीनं विचारलं नाही, त्यामुळे पाटीवर नाव हँडीचं.

गावाबाहेर सनी बॉय विल्यमसनची कबर आहे. माउथ ऑर्गन वाजवणारा मोठा कलावंत. येणारे-जाणारे कबरीवर माउथ ऑर्गन ठेवून जातात. मी गेले तेव्हाही चार-पाच पडलेले होते, पावसानं गंजलेले. दगडावर मृत्यूची तारीख २३ जून १९६५. तो वारला २५ मे रोजी. आणि नावही त्याचं स्वतःचं नव्हे. शिकागोत याच नावाचा एक प्रसिद्ध वादक आधीपासून होता, यानं ते उचललं. तारीख चुकीची, नाव उसनं, आणि तरी दगडाखाली माणूस तोच. बाबांना हे आवडलं असतं असं वाटून मी फोटो काढला.

काउंटी म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. नदीवरून नाव, आणि नदीचं नाव चोक्टॉ या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. अर्थ 'खडकांची नदी'. १८३० च्या करारानं चोक्टॉंची जमीन गेली आणि तीन वर्षांनी, १८३३ मध्ये, काउंटी स्थापन झाली. नाव तेवढं त्यांचं ठेवलं. १९५० मध्ये इथं तीस हजारांवर लोक होते. कापूस वेचायचं यंत्र आलं, हातांना काम उरलं नाही, माणसं शिकागोच्या गाड्यांत बसली. २०२० च्या जनगणनेत १२,७१५. त्यात ट्युटवायलरच्या खासगी तुरुंगातले कैदीसुद्धा धरलेले आहेत.

एवढ्याशा काउंटीला मुख्य ठिकाणं मात्र दोन. पूर्वेला टेकड्यांकडचं चार्ल्सटन, पश्चिमेला डेल्टातलं समनर. मधे नदी, आणि पुराच्या दिवसांत पलीकडे कोर्टकचेरीला जायचं कसं, म्हणून दोन न्यायालयं. एमेटच्या खुनाचा १९५५ चा खटला समनरला चालला, कारण प्रेत नदीच्या ज्या टप्प्यात सापडलं तो भाग या दुसऱ्या विभागाचा.

समनर म्हणजे एक चौक. मधोमध विटांचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं न्यायालय, भोवती दुकानं, त्यातली बरीच बंद. १९५५ मध्ये खटल्यासाठी जगभरचे पत्रकार आले तेव्हा गावच्या वेशीवर एक फलक होता: 'मुलगा वाढवायला चांगलं गाव.' हा असा योग कथेत घातला तर वाचक म्हणेल, लेखकानं जास्तच केलं.

न्यायालयाच्या आवारात दोन गोष्टी उभ्या आहेत. एक, उंच चौथऱ्यावर दगडी सैनिक. कोरलेली अक्षरं: 'आमचे वीर'. म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेचे सैनिक. दुसरी, हिरवी सरकारी पाटी, एमेट टिल खटल्याची. मी खालून वाचायला सुरुवात केली. पुतळा १९१३ चा. युद्ध संपलं १८६५ ला. मधे ४८ वर्षं. त्या वर्षांत काय झालं? आधी गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना मतं मिळाली, मग १८९० च्या राज्यघटनेनं साक्षरतेची परीक्षा आणि मतदानाचा कर लावून ती काढून घेतली. हरलेले पुन्हा मालक झाले तेव्हा पुतळा आला. म्हणजे तो बसवला हरलेल्या लढाईसाठी नव्हे, नंतर जिंकलेल्या लढाईसाठी.

हिरवी पाटी २००७ ची. घटना १९५५ ची. मधे ५२ वर्षं.

घटना थोडक्यात सांगते, कारण ती इथं कुणी थोडक्यात सांगत नाही. शिकागोचा चौदा वर्षांचा एमेट सुट्टीत नातेवाइकांकडे शेजारच्या लेफ्लोर काउंटीत मनी नावाच्या वस्तीला आला. किराणा दुकानात गेला. दुकानाच्या गोऱ्या मालकिणीशी आगाऊपणा केल्याचा त्याच्यावर ठपका आला. चार दिवसांनी, २८ ऑगस्टच्या रात्री, तिचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी त्याला घरातून उचललं. तीन दिवसांनी प्रेत नदीत सापडलं. गळ्याला काटेरी तारेनं जिनिंगचा पंखा बांधलेला. सुमारे पंचाहत्तर पौंडांचा, म्हणजे चौतीस किलोचा. जिनिंगचा पंखा म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गाडीतला कापूस नळातून वर ओढून घेणारा तो पंखा. आम्ही पोरं त्या नळाच्या तोंडाशी हात धरून उभी राहायचो, वाऱ्यानं हात ओढला जातो की नाही ते बघायला. मोठी माणसं ओरडायची.

चेहरा ओळखू येत नव्हता. बोटातल्या अंगठीवर वडिलांची अद्याक्षरं होती, त्यावरून ओळख पटली. शेरीफला प्रेत तिथंच घाईनं पुरायचं होतं. आईनं ते शिकागोला मागवलं आणि शवपेटी उघडी ठेवली. लोकांनी बघावं म्हणून.

न्यायालयाची खोली वरच्या मजल्यावर आहे. १९५५ मध्ये जशी होती तशी पुन्हा करून घेतलेली, आणि तिथं आजही कोर्ट भरतं. चौकासमोरच्या टिल केंद्रातल्या बाईंनी मला वर नेलं. बारा खुर्च्या दाखवल्या. ज्युरीत सगळे गोरे पुरुष. ज्युरी मतदार यादीतून निवडायची. काउंटीत कृष्णवर्णीय बहुसंख्य, पण यादीत एकही नाही. बायकांना तर मिसिसिपीत १९६८ पर्यंत ज्युरीत बसताच येत नव्हतं. कृष्णवर्णीय पत्रकारांना कोपऱ्यात पत्ते खेळायचं टेबल लावून दिलं होतं, आणि मिशिगनहून आलेले खासदार चार्ल्स डिग्ज यांनाही तिथंच बसावं लागलं. "खासदार," बाई दोनदा म्हणाल्या. "अमेरिकेच्या संसदेचे."

साक्षीला एमेटचे आजोबा लागणारे मोझ राइट उभे राहिले. वय चौसष्ट, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं कापूस करणारे. आरोपी ओळखा म्हटल्यावर त्यांनी उभं राहून हात लांब करून मायलमकडे बोट दाखवलं. काळ्या माणसानं भर कोर्टात गोऱ्याकडे बोट दाखवणं म्हणजे काय, हे सगळ्या खोलीला कळत होतं. मेम्फिसचे अर्नेस्ट विदर्स यांनी तो क्षण मनाई असताना कॅमेऱ्यात धरला.

मला मात्र दुसरंच काही अडकून बसलं. सरकारी वकील, म्हणजे त्यांच्याच बाजूचा माणूस, त्यांना हाक मारत होता 'अंकल मोझ'. आपल्याला वाटेल, वा, काका म्हणतोय. तसं नाही. दक्षिणेत काळ्या म्हाताऱ्याला 'मिस्टर' म्हणायचं नाही, म्हणून काढलेली ही पळवाट. इंग्रजीत तू आणि तुम्ही नाही असं आपण शाळेत शिकलो. आहे की. हाताखालच्या माणसाला 'अरे म्हादू' अशी हाक मारणारी घरं मी बघितली आहेत. म्हादू सत्तरीचा, हाक मारणारा पंधरा वर्षांचा. त्यामुळे हे व्याकरण मला लगेच समजलं, आणि समजलं म्हणून बरं वाटलं नाही.

निकालाला ज्युरीनं ६७ मिनिटं घेतली. मधे थंड पेय प्यायला थांबलो नसतो तर एवढीही लागली नसती, असं एक ज्युरर बोलून गेला. दोघे निर्दोष. मोझ राइट शेतातला कापूस शेतातच टाकून शिकागोला निघून गेले. जानेवारी १९५६ मध्ये दोन्ही आरोपींनी पैसे घेऊन एका मासिकाला सांगितलं की हो, आम्हीच मारलं. एकदा सुटलेल्याला त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा उभं करता येत नाही, हे त्यांना माहीत होतं.

हिरव्या पाटीवर हे सगळं चार-पाच वाक्यांत आहे. वाक्यं नीट आहेत, खोटं काही नाही. प्रेत 'सापडलं', असं लिहिलंय. करणाऱ्याचं नाव गाळून लिहायचं, ही पाट्यांची लाडकी रीत. आपल्याकडेही वर्तमानपत्रात बघा, मृतदेह नेहमी 'आढळून येतो'.

पण ज्यानं मी तिथं खूप वेळ उभी राहिले ती गोष्ट पाटीवर नव्हती. जेरोम लिटल हे काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. त्यांच्या पुढाकारानं २००६ मध्ये अठरा जणांची समिती झाली, नऊ गोरे, नऊ काळे. काउंटीनं टिल कुटुंबाची माफी मागायची असं ठरत होतं. शब्दावर अडलं. काही गोऱ्या सदस्यांचं म्हणणं, आम्ही काही केलेलं नाही, माफी कशाची? शेवटी २ ऑक्टोबर २००७ रोजी याच न्यायालयापुढे टिल कुटुंबाच्या साक्षीनं ठराव वाचला गेला. त्यात न्याय झाला नाही हे स्वच्छ मान्य केलं आणि 'तीव्र खेद' म्हटलं. माफी नाही, खेद. आपल्या विधानसभेत दिलगिरी, खेद आणि माफी यांत केवढं अंतर असतं हे मराठी माणसाला सांगायला नको. तरीही मला तो ठराव हलका वाटला नाही. अठरा शेजारी एका खोलीत बसून वर्षभर एका शब्दासाठी भांडले. गुळगुळीत माफीपेक्षा मला ते भांडण जास्त खरं वाटतं.

तिथून मनीला गेले, म्हणजे काउंटी ओलांडून. ते किराणा दुकान आता दुकान राहिलेलं नाही. छप्पर गेलंय, भिंती वेलींनी धरून ठेवल्यात. शेजारचा जुना पेट्रोल पंप मात्र चकचकीत, नागरी हक्कांच्या ऐतिहासिक स्थळांसाठीच्या सरकारी निधीतून दुरुस्त केलेला. त्या पंपावर एमेटचं काही घडलेलं नाही. हे वाचून बाबा पोट धरून हसतील, याची मला खात्री होती. निधी एका कामाचा, काम शेजारच्याचं.

आणखी एक गोष्ट. एमेटला मारहाण झाली ते कोठार सनफ्लॉवर काउंटीत, ड्र्यू गावाजवळ आहे. विली रीड या अठरा वर्षांच्या पोरानं तिथून येणारा आवाज ऐकला होता आणि भर कोर्टात तसं सांगितलं. मासिकातल्या कबुलीत मात्र कोठार नाही, कारण कोठार आलं की आणखी माणसं आली असती. आणि कितीतरी वर्षं लोक इतिहास सांगत राहिले तो मासिकातला. साक्ष देणाऱ्या पोराचा नकाशा बाजूला पडला, मारणाऱ्यांनी विकलेला नकाशा चालला. नंतर पाट्याही त्याच नकाशावर लागत गेल्या. ही गोष्ट कळल्यापासून मी कुठल्याही पाटीखालची जागा जरा संशयानं बघते.

शेवटी ग्रॅबॉल लँडिंग. ग्लेंडोराजवळ पक्का रस्ता सोडला की खडीचा रस्ता, दोन्हीकडे कपाशी, मागे धुळीचा लोट. एका वळणावर झाडी, झाडीपलीकडे नदी. तपकिरी, संथ, आवाज नाही. प्रेत नेमकं इथंच काढलं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण पाटी इथं लावायची ठरलं.

पहिली पाटी २००८ मध्ये लागली, जांभळी. त्याच वर्षी कुणीतरी ती उपटून नेली. नदीत फेकली म्हणतात. दुसरी लावली. तिच्यावर लोक बंदुका चालवत राहिले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात २०२१ मध्ये ती मांडली तेव्हा भोकं मोजलेली होती: ३१७. तिसरी जून २०१८ मध्ये आली. पस्तीस दिवसांत तिच्यावर गोळ्या. पुढच्या वर्षी तीन कॉलेजकुमारांचा फोटो बाहेर आला, हातात बंदुका, मधे ती पाटी, चेहऱ्यावर सहलीचं हसू. ऑक्टोबर २०१९ मध्ये चौथी. अर्धा इंच जाडीचं पोलाद, वजन पाचशे पौंडांच्या वर, गोळी अडवणारी. सोबत कॅमेरे. दोनेक आठवड्यांतच झेंडे घेऊन आलेलं वर्णवर्चस्ववाद्यांचं एक टोळकं त्या कॅमेऱ्यांत सापडलं.

पाटी खालून वाचायची सवय इथं उपयोगी पडेना. मी बोटांनी पाटीची कड चाचपली. गुळगुळीत, उन्हानं तापलेली. दुपारचे बारा वाजत आले होते. फोनला एकच काडी रेंज. फोटो बाबांना पाठवला. तिकडे रात्रीचे साडेदहा, म्हणजे ते बातम्या बघत जागे असणार. फोटो जायला बराच वेळ लागला, आणि लगेच फोन वाजला.

"हे काय, तुझीच सावली पडली त्याच्यावर. अर्धं वाचताच येत नाही."

मी सगळं सांगितलं. पहिली, दुसरी, तिसरी. भोकं किती ते सांगितलं. ते मधे बोलले नाहीत.

"वजन किती म्हणालीस?"

"पाचशे पौंड. सव्वादोन क्विंटल."

"आणि जमीन कशी आहे तिथं? काळी?"

"गाळाची. नदी पंधरा पावलांवर."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"मग पाया किती खोल घेतलाय, ते विचारलंस का कोणाला?"